कोंबड्याच्या पाठीवरचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना तांब्या आहे. पाणी प्यायचा, पोटाला मोठा पोचा पडलेला. माझी गोष्ट ऐकून तुम्ही माझं कौतुक कराल अशी आशा मी धरत नाही. खरं तर मला तुमच्याकडे बघायचीही लाज वाटते. पण एका गोष्टीतलं खरं काय ते आता दोघांनाच ठाऊक आहे. त्यातल्या एकावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि दुसरा मी. म्हणून म्हटलं, बोलून टाकावं.

माझा जन्म बेळगावच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. जन्म कसला, मार खाल्ला म्हणा! दिवसभर ठोकून ठोकून त्या तांबटानं माझं पोट गोल केलं, गळा आवळला, काठ वळवला आणि आतून कल्हई लावली. मग गुंजीजवळच्या एका शेतकऱ्यानं आपल्या लेकीच्या लग्नासाठी मला विकत घेतलं. त्या लेकीचं नाव मनुबाई. तिच्याबरोबर मी सासरी आलो तेव्हा तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या माझ्या काठावर वाजत होत्या.

मनुबाईचं घर लहानसं. पुढं सोपा, मध्ये चूल, मागं परडं. परड्यात फणसाखाली तिच्या कोंबड्यांचं खुराडं होतं. सकाळी ती कण्या टाकायची आणि माझ्यातलं पाणी मातीच्या परळात ओतायची. मला ती चिंच आणि राख लावून असं घासायची की शेजारची गुणाबाई म्हणायची, "मनू, तुझ्या तांब्यात बघून मी कुंकू लावून घ्यू काय?" मला तेव्हा थोडा गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, कोंबड्या पाळल्या की कधी ना कधी कापाव्याही लागतात. त्या घरात ते काम मनुबाईच करायची, आणि तिची रीत ठरलेली होती. ज्याला कापायचं त्याला ती आदल्या संध्याकाळीच बांबूच्या डालग्याखाली एकटं ठेवायची, म्हणजे पळापळ नको आणि बाकीच्यांनी बघायला नको. सुरी दगडावर घासून ती गवताच्या पात्यावर धार बघायची. सकाळी कोंबड्याला माझ्यातलं पाणी पाजायची. मग ओंजळीतले चार थेंब त्याच्या पाठीवर शिंपडायची आणि थांबायची. कोंबड्यानं आपण होऊन अंग झाडलं की त्यानं होकार दिला असं आमच्याकडे मानतात. तो होकार मिळेपर्यंत मनुबाई सुरीला हात लावत नसे. कधी लगेच मिळायचा, कधी उन्हं वर यायची. ती आपली बसून राहायची.

"आपुन त्येला वाढिवलंय," ती म्हणायची. "इच्यारल्याबिगर कसं न्यायचं?"

होकार मिळाला की ती त्याला डाव्या बगलेत घ्यायची, पदरानं त्याचे डोळे झाकायची आणि एकदाच सुरी फिरवायची. इतरांसारखं जमिनीवर तडफडायला टाकायची नाही. अंगातलं सगळं शांत होईपर्यंत तसंच धरून बसायची. तिचा हात इतका हलका म्हणून अख्ख्या गावात नाव होतं. बायका आपापली कोंबडी तिच्याकडे घेऊन यायच्या. मी त्या वेळी तिच्या शेजारी असायचो. मला त्या कामाची कधी लाज वाटली नाही.

दिवस गेले. मनुबाईचा नवरा वारला. मोठा मुलगा भावकू बेळगावला गेला आणि कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकघरात कामाला लागला. तिथं मेजवानी असली की कोंबड्यांच्या रांगाच्या रांगा लागायच्या. होकार कुठला आणि पाणी कुठलं! झटपट कापायचं आणि बादलीत टाकायचं. भावकू सुट्टीवर घरी आला की आईची रीत बघून हसायचा. मनुबाई ते हसण्यावारी न्यायची. लेक चार पैसे मिळवतो याचंच तिला अप्रूप होतं.

मग भावकूची धाकटी बहीण अंबू लग्नाची झाली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कारभारी असलेले मारुतीराव आपल्या मुलासाठी तिला बघायला आले. मोठं घर, चांगली माणसं. गुंजीच्या स्टेशनावर उतरले ते सकाळीच, आणि दुपारच्या गाडीनं त्यांना परत जायचं होतं. अंबू पसंत पडली. पाहुण्यांना जेवू घालून सुपारी फोडायची एवढंच राहिलं होतं. आमचा तांबडा कोंबडा आदल्या संध्याकाळपासून डालग्याखाली होता.

मनुबाईनं त्याला परड्यात आणलं. पाणी पाजलं, पाठीवर थेंब शिंपडले आणि ती थांबली. कोंबडा मान वाकडी करून तिच्याकडे बघत राहिला. अंग काही झाडेना.

भावकू सोप्यातून दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तो वैतागूनच.

"आये, पावणं घड्याळ बघाया लागल्यात. कवा कापणार, कवा शिजणार?"

"अजून दिलं न्हाय रं त्येनं."

"काय दिलं न्हाय? लोकं हसतील आपल्याला. खेडवळ म्हणतील."

"हसू देत. थांब जरा."

भावकू थांबला नाही. त्यानं मला उचललं आणि माझ्यातलं सगळं पाणी त्या कोंबड्याच्या अंगावर भडाभडा ओतलं. कोंबडा नखशिखांत भिजला. आता भिजलेलं पाखरू अंग झाडणार नाही तर काय करणार? त्यानं झाडलं.

"हं, दिलं बघ," असं म्हणून भावकूनं मला बाजूला फेकलं. मी पायरीच्या दगडावर आपटलो, माझ्या पोटाला पोचा पडला तो तेव्हा. मनुबाई "नगं, नगं" म्हणेपर्यंत त्यानं तिच्याकडून कोंबडा ओढून घेतला होता. पण ओली पिसं फार निसरडी असतात, मित्रांनो. सुरी फिरली आणि त्याच क्षणी कोंबडा त्याच्या हातातून सटकला. मान अर्धवट चिरलेली, आणि तो पळत सुटला. चुलीजवळून सोप्यात गेला, पाहुण्यांच्या मधोमध. पंख आपटत तो मारुतीरावांच्या पायांशी पडला. त्यांचं पांढरंशुभ्र धोतर गुडघ्यापर्यंत लाल झालं.

जे पाणी होकार विचारायला वापरायचं, त्यानंच खोटा होकार काढला होता, आणि ते पाणी माझ्या पोटातून गेलं होतं. परड्यात आडवा पडलो होतो, तिथून उघड्या दारांतून मला सोपा दिसत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मनुबाई पळत पुढं गेली. तिनं पाहुण्यांकडे बघितलंच नाही. आधी कोंबड्याला उचललं, पदरानं त्याचे डोळे झाकले, सुरीनं काम पुरं केलं आणि तो निवेपर्यंत छातीशी धरून बसली. मग मारुतीराव बोलले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"कुणाच्या हातचं हे? जो जितं पाखरू अर्धं कापून सोडतो, त्या माणसाशी सोयरीक कशी करायची, बाई?"

भावकू दाराशी उभा होता. ओले हात त्यानं पाठीमागं नेले होते. आतल्या खोलीत अंबू नव्या लुगड्यात बसली होती. तिला परड्यातलं काही दिसलं नव्हतं.

"माझ्या हातचं," मनुबाई म्हणाली. "म्हातारी झाले, पावणं. हात थरथरला माझा. पोरीवर राग काढू नगासा."

मारुतीरावांनी तिच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा निवळला. "म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं," ते म्हणाले. "पण आता हे काम दुसऱ्यावर सोपवा." भावकूनं त्यांना पाय धुवायला पाणी दिलं. ते माझ्यातूनच. सुपारी फुटली, जेवणं झाली, रश्श्याची तारीफही झाली. पाहुणे गेल्यावर भावकू आईला काही बोलेल असं मला वाटलं होतं. तो रात्रीच्या गाडीनं बेळगावला निघून गेला.

अंबूचं लग्न थाटात झालं. पण पाहुण्यांसमोर घडलेली गोष्ट झाकून राहते का? मनुबाईचा हात गेला, असं गावभर झालं. पुढच्या सणाला गुणाबाई बगलेत कोंबडी घेऊन आमच्या दारावरून दुसरीकडे गेली. मनुबाई उंबऱ्यात उभी होती. गुणाबाई ओशाळली आणि म्हणाली, "मनू, तुला तरास कशाला म्हून चाललो गं." मनुबाई नुसती हसली. आत येऊन तिनं मला घासायला घेतलं आणि बराच वेळ घासत राहिली.

भावकू आता घरी आला की तोच कोंबडी कापायचा. आईच्याच रीतीनं कापायचा, चार थेंब शिंपडून तासन्‌तास थांबायचा. गाव म्हणायचं, आईचा हात गेला पण लेकानं शिकून घेतलं हो! हे कौतुक ऐकताना तो मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, केवढा नम्र. मला ठाऊक होतं ते काय होतं. त्या दिवसापासून त्यानं कोंबडीचा घास तोंडात घातला नव्हता.

अशी बरीच वर्षं गेली. यंदा स्वातंत्र्य आलं, गावात साखर वाटली. भावकूचा साहेब विलायतेला परतला आणि भावकू कायमचा घरी आला. अंबू शेंडेफळाच्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतिणीला रस्सा हवा म्हणून एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, डालग्याखाली ठेवली होती. सकाळी बघतो तर मनुबाई सुरी घासून तयार! म्हातारी किती वर्षांनी परड्यात बसली होती, आणि गवताच्या पात्यावर धार बघताना तिच्या तोंडावर हसू होतं.

अंबू दारात आली. "आये, तू नगं गं. तुझा हात थरथरतोय, पाखराचे हाल हुतील. अण्णा करंल."

अंबूच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मनुबाईचं हसू गेलं. तिनं सुरी खाली ठेवली आणि उजवा हात पदराखाली घेतला. भावकू मला भरून घेऊन येत होता. तो तिथंच थांबला. त्यानं मला पायरीवर ठेवलं.

"अंबे," तो म्हणाला, "त्या दिशी आयेचा हात नव्हता. माझा हुता. म्या कोंबड्यावर तांब्या ओतला, म्या कापलं. आयेनं तुझ्या लग्नापायी आपल्या अंगावर घेतलं."

मित्रांनो, मला वाटलं सुटलो. भावकूही सुटला आणि मीही. पण मनुबाईनं मान वर केली, आणि ती त्याच्याकडे मायेनं बघत होती.

"उगं माझ्यासाठी खोटं बोलू नगं, लेकरा," ती म्हणाली. "माझाच हात हुता. सगळं गाव सांगतंय की. मला बी याद हाय, कसा थरथरला ते." इतकी वर्षं गावाचं ऐकून ऐकून तिलाही तेच खरं वाटायला लागलं होतं.

"न्हाय गं आये. तुझ्या गळ्याशपथ, माझा हुता."

अंबूच्या डोळ्यांत पाणी आलं. "अण्णा, लई मोठं मन तुझं," ती म्हणाली. "आयेला बरं वाटावं म्हून सोताच्या अंगावर घ्याया लागलायस."

तो शपथा घालत राहिला आणि ती जास्तच रडत राहिली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत भावकूच्या चांगुलपणाची गोष्ट झाली. त्या दिवशी तलंग कुणीच कापली नाही. गुणाबाई येऊन म्हणाली, असा लेक जन्माला यावा. भावकू परड्यात तोंड झाकून बसला होता.

माझं काय, मित्रांनो, मला फडताळात ठेवलंय. घरात आता पितळेचे नवे तांबे आले आहेत. मला घासा, वापरा, असं तुम्हांला मी सांगणार नाही. एवढंच मागतो. कोंबडीला कण्या टाकत असाल तर तिला कापतानाही तितकाच वेळ द्या. आणि हातून चूक झाली, तर झाली त्याच दिवशी, त्याच माणसांसमोर सांगा. भावकूनं ती आईच्या अंगावर राहू दिली, आणि मनुबाई आता तो हात पदराबाहेर काढत नाही.