आईचा चांगला हात

आमच्या शास्त्रातही फॅशन असते, पण लोकांना ते खरं वाटत नाही. पूर्वी अर्धांगवायूच्या माणसाला निजवून ठेवायचे, मग त्याला लगेच उठवून बसवायला लागले. मग मेंदूला फसवणारे आरसे आले, यंत्रं आली, डोळ्यांवर चष्मा चढवून खोट्या बागेत हिंडवणं आलं. आमच्या विभागात दर शुक्रवारी आम्ही सगळे फिजिओथेरपिस्ट एकत्र बसतो आणि जगात काय नवीन चाललंय ते एकमेकांना सांगतो. त्यात मी सगळ्यांच्या पुढे. नवीन काही वाचलं की ते कुणावर तरी करून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

आईला झटका आला तेव्हा तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला, "बरं". चहा हवा असला तरी बरं, नको असला तरी बरं. पण बाई मुळातली खमकी. थोड्याच दिवसांत तिने डाव्या हाताची भाषा तयार केली. अंगठा ओठांना लावला की पाणी. स्वतःचा कान पिळला की बाबा पुन्हा काहीतरी विसरलेत. पाची बोटं झटकली की, निघ आता, तुला उशीर होतोय. त्या एका हाताने ती बाबांशी भांडायचीसुद्धा, आणि नेहमीसारखी जिंकायची.

मी मात्र त्या हाताकडे वैऱ्यासारखी बघायची. धडधाकट हात सगळी कामं उरकतो, म्हणून दुबळा हात शिकत नाही. चांगला हात जाड हातमोज्यात बांधून ठेवा, म्हणजे दुबळा झक मारत कामाला लागतो. कल्पना तशी जुनी, पण हल्ली तीच घरच्या घरी, दिवसभर करून बघण्याचे अभ्यास निघताहेत. मला तेवढं निमित्त पुरलं.

"आई, बांधू ना?" मी विचारलं.

"बरं," आई म्हणाली.

तो मी होकार धरला. एका शब्दाची बाई दुसरं काय म्हणणार होती? हे मला कळत नव्हतं असं नाही. मला ते सोयीचं होतं.

मग उठल्यापासून झोपेपर्यंत हातमोजा. बाबा एकदा भीत भीत म्हणाले, "जेवताना तरी काढूया का गं?"

"तुम्ही लाड करता ना, म्हणूनच ती मागे राहते," मी त्यांना झापलं. ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

बोलणं परत शिकवणारी माझी मैत्रीण विभागात माझ्या शेजारच्याच खोलीत बसते. तिला एका शब्दाने विचारावं, हे डोक्यातही आलं नाही. आमच्याकडे माणसाची वाटणी झालेली असते, हातपाय माझे आणि जीभ तिची. हाताने बोलणारं माणूस आलं तर तो हात कुणाच्या वाट्याचा, हे कुणी ठरवलेलंच नाही.

आणि गुण आला, हेही खरं. उजवी बोटं वळायला लागली, पेला धरायला लागली. मी हरखून गेले. आईचं जेवण कमी झालं होतं, पण उजव्या हाताने खायला वेळ लागतो, दमत असेल, असं मी धरून चालले. मध्येच ती "बरं, बरं, बरं" करत चिडायची. "कंटाळा पुरे," मी म्हणायची.

काल शुक्रवार होता. मी आईचा व्हिडिओ पडद्यावर लावला. पेला उचलला गेला तसे सगळे खूश झाले. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "परत दाखव."

दुसऱ्यांदा बघताना माझं लक्ष डाव्या हाताकडे गेलं. तो जाडजूड हातमोजा वर यायचा, डाव्या गालावर दाबला जायचा. आई माझ्याकडे बघायची आणि पुन्हा गालावर दाबायची. प्रत्येक वेळी मागून माझा आवाज येत होता, "आई, तो हात खाली." शेवटी तिने हात खाली ठेवला तो ठेवलाच. मग निमूटपणे पेला उचलला.

"यावर शोधनिबंध लिहून काढ," प्रमुख म्हणाले.

"बरं," मी म्हणाले.

मी तशीच उठून घरी आले. आईच्या तोंडात टॉर्च मारून बघितलं. डावी दाढ किडून हिरडी पुवाने टम्म फुगली होती. किती दिवस सोसत होती कोण जाणे. बाबा दाताच्या डॉक्टरांना फोन करायला धावले. मी खाली बसून हातमोजा सोडला. आतला तळवा पांढराफटक पडला होता, घामाने भिजून सुरकुतलेला. तो मांडीवर नुसता पडून राहिला.

"आई, चुकलं माझं. मला विचारायला हवं होतं. मला वाटलं तू दमतेस, मला वाटलं..." मी बोलतच सुटले. लाज वाटली की मला गप्प बसता येत नाही.

तेव्हा तिचा उजवा हात उठला. थरथरत छातीपर्यंत आला, तिथून वर, आणि माझ्या तोंडावर टेकला. खांदा किती छान उचलला गेला, हे माझ्या मेल्या नजरेने तेव्हाही टिपलं. 

मग डावा हात बोलू लागला. आधी गाल. मग कान, पण या वेळी माझा, आणि चांगला पिळला. मग बोटं भराभर चालली, बराच वेळ. फोन ठेवून आलेले बाबा दारात उभे राहून मान हलवत होते, त्यांना सगळं कळत होतं. मला निम्मंसुद्धा कळलं नाही. विचारावं म्हटलं तर तिने माझ्या तोंडावरचा हात काढला नव्हता.