अण्णाच्या गिरक्या

माझा थोरला भाऊ अण्णा, म्हणजे हंबीरराव, १९८४ साली मद्रासच्या एका फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकवत असे. क्लबच्या वर्धापनदिनी तो विमानाला हवेत गिरकी देणार होता, म्हणजे चाकं आकाशाकडे आणि पुन्हा सरळ. गिरकीत विमानाचं नाक खाली येतं, म्हणून आधी ते उचलून घ्यायचं. हे त्यानं नाश्त्याला इडली फिरवून समजावलं. ती इडली अम्मानं कुणाला खाऊ दिली नाही.

अम्मा परस्पर मुरुगनच्या देवळात नवस बोलून आली. अण्णा सुखरूप उतरला तर जितक्या गिरक्या, तितक्या अंगप्रदक्षिणा. म्हणजे ओल्या धोतरानं, दगडी फरशीवर, देवळाभोवती लोळत.

"तुझे गुडघे, अम्मा?"

"मी कशाला? नागू लोळेल म्हणून सांगितलंय."

नागू मीच. नागोजी.

"आणि अण्णा?"

"त्याला गरगरतं रे."

मैदानात मी मान वर करून उभा. एक. दोन. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी नाही. उत्तेजन कशाला द्या. तीन. कार्यक्रमपत्रिकेत दोनच छापल्या होत्या. काळजी वाटत होती, पण नक्की कुणाची, हे मी स्वतःला विचारलं नाही.

चौथीत नाक खाली आलं ते येतच राहिलं. विमान ताडांमागे गेलं. आवाज थांबला. अम्मानं माझं मनगट एवढं आवळलं की घड्याळाचा पट्टा तुटला. मी मनात म्हणालो, मुरुगा, वरच्या दहा माझ्याकडून.

ताडांमागून आधी आवाज आला, मग विमान. वर जाऊन अण्णानं पाचवी मारली, उतरला आणि केस विंचरले.

शुक्रवारी सकाळी मी देवळात लोळत होतो. अण्णा पंचा घेऊन शेजारून चालत होता.

"नागू, खांब आला. आधी डोकं उचल, मग वळ."

"तू चौथीला उचललं होतंस?"

त्यानं पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"विसरलो. अम्माला सांगू नकोस."

पाचवी संपली. अम्मानं विभूती पुढे केली. "ऊठ, झालं."

"अजून दहा आहेत," मी म्हणालो.

"कुणी सांगितल्या?"

मी पुढच्या फेरीला वळलो. अण्णा माझ्याकडे बघत राहिला. पुढच्या कोपऱ्यावर मागे पाहिलं, तर पंचा खांबावर होता, अण्णा शर्टपँटीसकट माझ्यामागे लोळत होता, आणि त्याला गरगरत होतं.