लेकीच्या घरचा पापड

आमच्या उल्हासनगरात कुणाच्याही दारात पाय ठेवला की आधी पापड आणि पाणी पुढे येतं. पाहुण्याने पापड नाकारला म्हणजे दोन घरांत काहीतरी बिनसलंय, असंच शेजारी समजतात. त्यामुळे ह्यांनी पापडच सोडला, तेव्हा आमच्या सगळ्या सिंधी कॅम्पात बोभाटा झाला.

हे म्हणजे हासानंद. गोष्टी लिहायचे, आणि लिहून झालं की चपला घालून भाषेसाठी वणवण करायचे. त्या उन्हाळ्यात सिंधी शाळेचा पहिलीचा वर्ग बंद पडायची वेळ आली होती. दहा मुलं आणा, नाहीतर वर्ग उघडणार नाही, असं शाळेने सांगून टाकलं. हे घरोघर फिरायचे. लोक पापड द्यायचे, "दादा, तुमच्या गोष्टी म्हणजे काय!" म्हणायचे, आणि पोराला इंग्रजी शाळेत घालायचे.

एक दिवस घरी येऊन म्हणाले, "पोट पापडाने भरलं आणि वर्ग रिकामाच. ज्या घरचं मूल येणार नाही, त्या घरचा पापड आता बंद."

"लोक हसतील."

"हसू देत. हसतील ते सिंधीतच ना?"

हसले खरे. मग चिडले. समोरची ईश्वरीबाई माझ्यापाशी येऊन रडली, "अदी, बहिणी माझे, माझ्या पापडात काय किडे पडलेत?" आणि दोन-चार दिवसांनी नातवाला धरून ह्यांच्यापुढे उभी राहिली. "घ्या हा, दादा. पण पापड खा मुकाट्याने, नाहीतर परत नेते पोराला." असं करत नऊ मुलं जमली. दहावं मिळेना.

दहावं कुठे आहे ते मला ठाऊक होतं. ह्यांनाही. पण विषय तिथे आला की हे चष्मा पुसायला घ्यायचे. आमच्या लेकीचा, जेठीचा हरेश. जावयाने सगळं तिच्यावर सोडलं होतं आणि तिने इंग्रजी शाळा बघून ठेवली होती.

शेवटी मीच ह्यांना ओढून नेलं. जेठीने खाटेवर बसवलं. पापड नाही, पाणी नाही. आणून करणार काय? लेकीच्या घरचं तोंडात घालायचं नाही, ही ह्यांच्या घरची रीत. फाळणीत सिंधमधलं शिकारपूर सोडताना भांडीकुंडी तिथेच राहिली, रीत मात्र बरोबर आली. हरेशच्या छठीला, बारशालासुद्धा आम्ही कोरड्या तोंडाने परतलो होतो.

"बाबा, ऐकलंय मी तुमचं," जेठी म्हणाली. "पण माझ्यावर कसे रुसणार? माझ्या घरी सोडायला आहे काय? तुम्ही तर इथलं पाणीही कधी प्यायला नाहीत."

हे चष्मा पुसू लागले.

"गावभर सांगता, भाषा गेली तर आपण परके होऊ. मी तर लग्नाच्या दिवशीच परकी झाले. हरेशने तुमची भाषा शिकून बोलायचं कुणाशी? दारातून उपाशी परतणाऱ्या आजोबांशी?"

"रीत आहे, बेटा. माझ्या आईने..."

"आईने भाषाही दिली, रीतही दिली. आता ह्या घरात दोन्ही मावत नाहीत. काय ठेवायचं ते तुम्हीच सांगा."

ह्यांच्या गोष्टींतल्या बायका पानापानावर रीती मोडतात. लिहिताना हात कधी अडखळला नाही. इथे गुडघ्यावरचा तोच हात हलेना. आईचं एवढंच तर उरलं होतं त्यांच्यापाशी, तिचा एक फोटोही नव्हता. मला वाटलं, उठतात आता.

"जेठी," हे म्हणाले. "भाज एक."

ती पाठ फिरवून स्टोव्ह पेटवू लागली. काडी विझली, दुसरी विझली. पापड एका बाजूने काळा झाला. ह्यांनी तो मोडला, तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिले.

"करपलाय," म्हणाले.

"माहीत आहे." तिने पदराने नाक पुसलं. "जूनपासून रोज खावा लागेल. हरेशला शाळेत पोहोचवायला तुम्हीच यायचं."

हे मान हलवत राहिले. हरेशने विचारलं, "आजोबा, तुमचा उपास सुटला?"

तू खाणार का, असं मला कुणीच विचारलं नाही. ह्यांच्या रीतीपायी माझाही घास तितकीच वर्षं अडला होता. मी ताटलीतला उरलेला अर्धा उचलला आणि जेठीला दुसरा भाजायला सांगितला. नीट भाज, म्हटलं.