खालची ओळ

आर्नी सोरेनसनने सहावा कागद चुरगाळला आणि कान पुन्हा स्पीकरला लावला. तबकडी फिरत होती. ट्रम्पेट ऐकू येत होता, तो त्याचा स्वतःचा, अठ्ठावीस वर्षांच्या छातीतला. सॅक्सोफोन ऐकू येत होता, तो डेलचा. त्या दोघांच्या खाली, ऑर्गनच्या गदारोळात कुठंतरी कॅझचा ट्रॉम्बोन होता. विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसा. आवाज येत होता, शब्द लागत नव्हते.

“अरे, ट्रॉम्बोनची ओळ तूच लिहिलीस ना?” डेल कुबियाक चौकटीला टेकून म्हणाला. “मग परत लिही की. का डोकंही तबकडीसारखं घासून गेलं?”

“गप बस, म्हाताऱ्या.”

उद्या अकराला कॅझला पुरायचं होतं. जाण्याआधी त्यानं बायकोला, डोलोरेसला, एकच सांगून ठेवलं होतं. चर्चमध्ये ‘रात्रपाळी’ वाजवा, पण तिन्ही वाद्यांनी. माझी जागा रिकामी ठेवू नका. त्यांच्या ‘फाउंड्री सेव्हन’ या बँडचं ते एकच गाणं एक उन्हाळाभर मिलवॉकीच्या रेडिओवर वाजलं होतं. मग शिकागोच्या कंपनीनं सांगितलं, फुंकणारे तिघे काढा, पुढची तबकडी गिटारवर करू. सातही जण नाही म्हणाले आणि बँड मिटला. सातांतले आता दोनच उरले होते. ट्रॉम्बोनसाठी पोल्का नाचाच्या बँडमधला जाडा स्टॅन तयार झाला होता, पण त्याला सूर लिहिलेला कागद हवा होता. कागदाशिवाय तो ओठ लावत नसे.

तीन दिवस आर्नी लिहीत होता. लिहिलेली प्रत्येक ओळ बरोबर होती आणि एकही ती नव्हती. आपलंच लेकरू जत्रेत हरवावं आणि शोधताना त्याचा चेहराच आठवू नये, तसं त्याचं झालं होतं. तबकडीच्या पाकिटावर छापलेलं होतं, वाद्यरचना : ए. सोरेनसन. त्या अक्षरांवरून त्यानं पुन्हा पुन्हा बोट फिरवलं, जणू त्यातूनच काही पाझरेल.

“शाळेत बघायचं का?” डेल म्हणाला. “बँड मोडला तेव्हा कॅझनं आपल्या गाण्यांच्या कागदांची पेटी त्याच्या जुन्या शाळेला दिली होती. फुटबॉलच्या सामन्यांना पोरं वाजवतात अजून. तू कधी आलाच नाहीस ऐकायला.”

“आपलं गाणं पोरांनी बडवलेलं मला ऐकवत नाही.”

“मग उद्या स्टॅनचं ऐक.”

आर्नीनं कोट उचलला.

शाळेच्या संगीतवर्गात मिस ऑल्टमन खुर्च्या रचून ठेवत होत्या. ‘रात्रपाळी’ म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला.

“ट्रॉम्बोनचा कागद ना? तो तर आमचा लाडका आहे.” त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. “मूळ प्रत केव्हाच फाटली. ही तिच्या झेरॉक्सची झेरॉक्स. ज्यानं ज्यानं वाजवलं त्यानं कडेला सही केलीय, बघा.”

कागदाच्या कडा नावांनी गजबजल्या होत्या. आर्नीनं चष्मा चढवला आणि पहिल्याच ओळीशी थांबला. त्याच्या स्वतःच्या लिहिण्यात प्रत्येक सूर पट्टीनं आखल्यासारखा ताठ असे. इथले सूर मागं झुकलेले होते, वाऱ्यात चालणाऱ्या माणसांसारखे. असं एकच डावखुरा माणूस लिहीत असे.

वरच्या कोपऱ्यात त्याच हाताचं बारीक अक्षर होतं :

‘आर्नी, तू दिलेली ओळ माझ्या हातून नीट उतरत नाही. तिच्याऐवजी हे लिहिलंय. वाजवून बघू? नको असेल तर सांग. कॅझ.’

खाली वेगवेगळ्या पेन्सिलींनी, वेगवेगळ्या वर्षांत, पोरापोरींनी उत्तरं लिहिली होती. वाजव! वाजव, कॅझ! वाजव रे बाबा!

“हा कॅझ कोण ते आम्हाला नाही माहीत,” मिस ऑल्टमन हसत म्हणाल्या. “पण गाणं सुरू व्हायच्या आधी सगळी रांग ओरडते, ‘वाजव, कॅझ!’ त्याशिवाय कुणी वाद्य उचलतच नाही. तुम्हाला माहितीये का, मिस्टर सोरेनसन?”

आर्नीला तळघरातली ती तालीम आठवली. गाणं पहिल्यांदाच जमिनीवरून उठलं होतं. तो आनंदानं ओरडला होता, “बघ, मी लिहिलंय तसं वाजवलंस की कसं उडतं ते!” कॅझनं स्टँडवरचा कागद काढला होता, चार घड्या घातल्या होत्या आणि खिशात ठेवला होता. आणि म्हणाला होता, “हो रे.”

“माहितीये,” आर्नी म्हणाला. त्यानं कागद डेलच्या हातात दिला. डेलनंच बाईंकडून प्रत करून घेतली.

गाडीत बसल्यावर आर्नीनं इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही; तो कागद मांडीवर उलटा ठेवला. पुन्हा सुलटा केला.

“डेल, तुला माहीत होतं?”

डेल काचेतून समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघत राहिला. “आम्हाला वाटायचं तुलाही माहितीये,” तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. डोलोरेस होती. चर्चमधल्या उद्याच्या कार्यक्रमाची पत्रिका पाचला छपाईला जायची होती, पाचला दहा मिनिटं कमी होती.

“गाण्याखाली तुझंच नाव घालते हं, आर्नी. नेहमीसारखं.”

“नको.” आर्नीनं कागदावरच्या सहीवर बोट ठेवलं. “कॅझचं घाल. कॅझिमिर. पूर्ण.”

पलीकडे पेन कागदावर खरडल्याचा आवाज आला.

“म्हणजे सापडलं तुला,” ती म्हणाली.

“डोली, चिडला होता का गं तो? पंचेचाळीस वर्षं... एकदा तरी बोलायचं. एक शिवी तरी घालायची मला.”

“सुरुवातीला मीच भांडायचे त्याच्याशी, जा, सांग त्याला म्हणून. तो हसायचा.” तिनं नाक ओढलं. “म्हणायचा, आर्नीला ती स्वतःची वाटली ना, म्हणजे चांगलीच जमली असणार.”

डेलनं शेजारून हात पुढं केला आणि इंजिन बंद केलं.