सहा फोटोंची तक्रार

नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला त्याला आठ महिने झाले होते. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. पंचवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेल्या त्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला होता: "वर." पाणी हवं असलं तरी वर, पंखा लावायचा तरी वर, राग आला तरी वरच.

बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर होती. सकाळी सातला जायची, एकला यायची. आल्या आल्या त्याला भरवायचं, अंग पुसून द्यायचं, हाताचे व्यायाम करून घ्यायचे आणि मग कारखान्यातून घरी आणलेले गठ्ठे उरकायचे. रोजचा दिवस असाच रेटायचा.

थेरपीवाल्या बाईंनी त्याच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. फोटो काढायचा, त्याला आवाज जोडायचा, असे पाच-सहा तुकडे एकामागे एक लावले की गोष्ट तयार. मग ती कुणालाही पाठवता येते.

"रोज एक गोष्ट," बाई म्हणाल्या. "दिवसभरात काय झालं ते सांगायचं. पण त्यांनी स्वतः, बरं का."

स्वतः कसली! डाव्या हाताने एक फोटो काढायला त्याला दहा मिनिटं लागायची आणि हिचा धीर दुसऱ्या मिनिटालाच सुटायचा. शेवटी हीच कपाचा, खिडकीचा, पेपरचा फोटो पटापट काढायची आणि आपल्याच आवाजात भरून टाकायची, "मी चहा प्यायलो. मी पेपर पाहिला. मला छान वाटलं." तो मान फिरवून भिंतीकडे बघत बसायचा.

"अहो, झाला ना गृहपाठ? मग सुटलो," ती म्हणायची.

एका बुधवारी संध्याकाळी नणंदेचा फोन आला. नणंद त्याच्याहून मोठी, हॉस्पिटलात मेट्रन होऊन निवृत्त झालेली, बसने दोन तासांवर राहणारी. "उद्या येते मी," एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

आली ती पाणीसुद्धा न घेता तिने आपला मोबाइल भावजयीपुढे धरला. "बघ. तुझ्या नवऱ्याने पाठवलंय मला."

सहा फोटो होते. पहिल्यात साय धरलेलं गार सूप. दुसऱ्यात घड्याळ, दोन वाजून दहा मिनिटं. तिसऱ्यात बटणं वरखाली लागलेला त्याचा शर्ट. चौथ्यात गणवेशांच्या ढिगावर वाकलेली हिची पाठ. पाचव्याला हिचा आवाज होता, "तोंड उघडा पटकन, माझा जीव खाऊ नका!" सहावा फोटो नुसता काळा. बोट आलं असावं मध्ये. त्यावर त्याचा घोगरा आवाज, "वर... वर..."

हे त्याने कधी केलं, किती दिवस खपून केलं, हिला पत्ताच नव्हता. आपला आवाज असा येतो हेही माहीत नव्हतं.

"माझ्या भावाशी कुणी असं..." नणंदेने सुरुवात केली. दोन तास बसमध्ये ती हेच जुळवत आली होती.

"खरं आहे, ताई," ही म्हणाली. "यातलं काही खोटं नाही."

नणंद थांबली. भांडणाची तयारी होती, याची नव्हती. "अगं, मग निदान रड तरी!"

"रडायचाही कंटाळा येतो आता."

नणंदेने खोलीभर नजर फिरवली. मग पर्स खुंटीला अडकवली. "जेवलीस का?"

"आठवत नाही."

"जा, आडवी हो. मी बघते त्याच्याकडे."

नणंद रविवारपर्यंत राहिली. शनिवारी न्हाणीघरातून तिचा आवाज आला, "अरे, सोड ना नळ! मी काय लोखंडाची आहे का?" आणि लगेच, "फोन कशाला हवाय तुला आंघोळीला? आण इकडे!" ही पलंगावर पडून ऐकत होती. उठावंसं वाटलं, पण उठली नाही. कूस बदलली आणि झोपली.

नणंद गेल्यावर ती त्याच्यासमोर बसली. "माझ्याबद्दल सांगायचं होतं तर मला सांगायचं होतंत."

त्याने तोंड उघडलं. "वर," आलं. चिडून त्याने मांडीवर हात आपटला, मग फोन घेतला आणि हिनेच केलेली एक जुनी गोष्ट लावली. "मला छान वाटलं," हिचा आवाज म्हणाला. त्याने पुन्हा लावली आणि हळूहळू मान हलवली. नाही.

"नव्हतं ना वाटत?" ती म्हणाली. "मलाही नव्हतं वाटत."

त्याने डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. तो जड होता. तिने बाजूला केला नाही.

सोमवारी थेरपीवाल्या बाईंनी ती सहा फोटोंची गोष्ट पाहिली आणि त्या उडाल्याच. "हे एकट्याने? आधी सूप, मग घड्याळ, मग तुम्ही! कारणासकट तक्रार केलीय त्यांनी. आठ महिन्यांत इतकं काही सांगितलं नव्हतं." हसावं की काय करावं, बायकोला कळेना.

बोलणं अजून आलेलं नाही. नणंद दर गुरुवारी येते, ओरडते, सगळं करून जाते. तिच्या ओरडण्याचीही एक गोष्ट झाली आणि ती त्याने तिलाच पाठवली. फोटो आता तो स्वतः काढतो. ही फक्त फोन धरून बसते आणि बरेचदा दुसरा फोटो व्हायच्या आतच तिचा डोळा लागतो.