निळ्या ड्रेसमधला पुतळा

मित्रांनो, डोकं आणि छाती एवढाच माझा संसार. वर रबराची कातडी, आत एक स्प्रिंग. मी इमर्जन्सी विभागातला एक जुना पुतळा आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, ते डॉक्टर होऊ घातलेली पोरं माझ्यावर शिकतात. जोर बरोबर पडला की माझ्या आत 'टक्' वाजतं. त्या आवाजासाठी पोरं घामाघूम व्हायची आणि मी उगीच भाव खायचो.

शनिवारी वर्ग सगळ्यांना खुला असे. दुकानदार, शिक्षक, टॅक्सीवाले यायचे. त्यांना अॅम्ब्युलन्सचे एक ड्रायव्हर शिकवत. सगळे त्यांना मामा म्हणत. "गोंजारताय काय? बरगडी मोडली तर जुळेल, माणूस गेला तर गेला," असं ते दरडावत.

आणि एके दिवशी मामांचीच बायको भर बाजारात कोसळली. कुणी पाणी शिंपडलं, कुणी वारा घातला. माझ्यावर शिकून गेलेला चपलांचा दुकानदारही त्या गर्दीत होता. पण अॅम्ब्युलन्स येईपर्यंत छातीला हात कुणीच लावला नाही. मामी गेल्या.

दुकानदार स्वतःहून भेटायला आला. "मामा, परकी बाई... लोक काय म्हणतील, या विचाराने हात पुढे झाला नाही."

विभागप्रमुख मॅडमनी पोरांना घेऊन जुन्या केसेस तपासल्या. रस्त्यात कोसळलेल्या पुरुषांना लोकांनी हात लावला होता. बायकांच्या बाबतीत बहुतेक जण नुसतेच बघत उभे राहिले होते. "चूक आपली आहे," मॅडम म्हणाल्या. "आजवर आपण उघड्याबंब पुरुषावरच शिकवत आलो." तो उघडाबंब म्हणजे मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या शनिवारी मॅडमनी कापूस लावून मला बाईचा बांधा दिला. मामांनी पिशवीतून मामींचा निळा ड्रेस काढला आणि मला घातला. एक बटण चुकलं, तेव्हा सगळी सोडून पुन्हा लावली. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"हसून घ्या," मामा म्हणाले. "लाजायचं तेही इथेच लाजून घ्या. बाहेर तेवढा वेळ मिळत नाही."

पहिला नंबर चपलावाल्याचा. तो गुडघ्यांवर बसला, पण हात काही खाली येईनात.

"दाब," मामा म्हणाले.

'टक्' वाजलं. मामा तोंड फिरवून खिडकीपाशी गेले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एक आजी काठी टेकत वर्गात आल्या. चपलांच्या दुकानासमोर पडल्या होत्या म्हणे, आणि त्याच दुकानदाराने त्यांची छाती दाबली होती. मला पाहून त्यांनी माझ्या ड्रेसची कॉलर सारखी केली.

आता तो ड्रेस छातीवर पार विरलाय. परवा नर्सताई म्हणाल्या, "मामा, मामींची आठवण आहे. घडी करून कपाटात ठेवू या."

"नको," मामा म्हणाले. "फाटू दे. त्या दिवशी तिला कुणी हात लावला नव्हता."

म्हणून सांगतो मित्रांनो, मला जपायचं असेल तर कपाटात ठेवू नका. गुडघे टेका आणि दाबा.