रुसव्याची राजदूत

पांढुर्ण्याच्या पोस्टातला कारकून सुरेश याची बदली अमरवाड्याला झाली, तेव्हा लोकांनी त्याला घराचं विचारलं नाही की सामानाचं विचारलं नाही. ज्यानं त्यानं एकच विचारलं, "आता राजदूतचं काय?"

राजदूत मोटारसायकल छपरीत उभी होती. सहा वर्षं ती तिथंच उभी होती असं म्हटलं तरी चालेल. सुरेशचं घर पोस्टापासून दहा मिनिटांवर. तो पायी जायचा, पायी यायचा. संत्र्याच्या वखारीतली चार पोती उसवून त्यानं गाडीला खोळ शिवून घेतली होती. रविवारी ती खोळ काढायची, गाडी पुसायची, किका मारमारून सुरू करायची, थोडा वेळ धूर होऊ द्यायचा आणि बंद करून पुन्हा खोळ चढवायची. शेजारचे हेमंत गुरुजी भिंतीवरून डोकावून म्हणायचे, "झाली का गाडीची आंघोळ? मग आता मी माझी करतो."

अमरवाड्याला त्याला खोली मिळाली होती ती माडीवरची, आणि जिना असा की धान्याचं पोतंही आडवं करून न्यावं लागेल. खाली रस्ता. गाडी ठेवायला जागा नाही. म्हणजे तीनच गोष्टी उरल्या. विकायची, कोणाकडे ठेवायची, नाहीतर न्यायची आणि रस्त्यावर गंजू द्यायची. हातात पंधरा दिवस होते.

घेणारा होता. सौंसरच्या ढोरदवाखान्यातला कंपाउंडर वसंत दोन वर्षांपासून मागत होता. तो सायकलवर गावोगावचे गोठे फिरायचा. पोस्टात आला की म्हणायचा, "सुरेशभाऊ, तुमची गाडी उभी राहून थकली, मी चालून थकलो. आमचं दोघांचं जमवून द्या ना."

बदलीची बातमी ऐकून सुरेशचे मामा, विनायकमामा, सौंसरहून पहिल्याच बसनं आले. चपला काढायच्या आधीच बोलले.

"विकून राहिला म्हणते? सासऱ्यानं देल्ली गाडी?"

"अजून ठरलं नाही, मामा."

"ठरवूच नको. माझ्याकडे ठेव. धूळ बसू देणार नाही तिच्यावर."

"धूळ कशी बसंल? तुम्ही रोज चालवाल."

"आता उभी गाडी खराब होते म्हणून दोन चकरा मारीन, बाप्पा! ते काय चालवणं झालं? मानाची वस्तू हाय. मानाची वस्तू घरातल्या माणसापाशीच ठेवावी."

सुरेशची बायको उर्मिला चहा घेऊन आली. कप ठेवून तिनं विचारलं, "मामाजी, साखर बरोबर आहे ना?"

"बरोबर हाय, बाई."

"मग ठीक," म्हणून ती आत गेली.

मामा गेल्यावर सुरेश चुलीपाशी जाऊन उभा राहिला. "काय करू मग?"

उर्मिलानं पोळी उलटली. "तुमची गाडी. तुम्ही पाहा."

सहा वर्षं हेच. गाडी तिच्या बापानं दिलेली, पण तिच्या तोंडात ती नेहमी 'तुमची'. सहा वर्षांत ती एकदाही तिच्यावर बसली नव्हती. भांडण नाही, टोमणा नाही. माहेरी बोरगावला जायचं असलं की म्हणायची, "मी बसनं जाते." सुरेशला ती एकटी बसनं गेलेली बरी दिसत नसे, आणि गाडी सोडून बसमध्ये बसला तर सासऱ्याला बरं दिसलं नसतं. म्हणून पुढे बस आणि मागे राजदूत, अशी त्यांची वरात सौंसरपर्यंत जायची. आतही उर्मिला बसायची ती मागच्या बाकावर, जिथं हाडं खिळखिळी होतात. पुढे जागा असली तरी तिथंच. कंडक्टर ओळखीचा झाला होता. तो खिडकीतून ओरडायचा, "भाऊ, बाईचं तिकीट फाडलं. गाडीचं बी फाडू का?"

ही गोष्ट लग्नाच्या मांडवातली. आपल्याकडे नवरदेवानं रुसायचं असतं. ताट वाढून होतं, पंगत बसते, आणि नवरदेव हात मांडीवर ठेवून बसतो. सासरा एकेक वस्तू बोलतो. मनाजोगी वस्तू आली की नवरदेव घास घेतो, मग सगळी पंगत जेवते. खरं रुसणं त्यात नसतं. थोडा वेळ गंमत चालते, पोरंबाळं हसतात, आणि वरण थंड होण्याआधी सगळं आटोपतं.

विनायकमामा सुरेशच्या डाव्या बाजूला बसले होते. त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "मी सांगतो तवा खायचं." सासरे भगवंतराव समोर उभे. ते म्हणाले, अंगठी. सुरेश गप्प. म्हणाले, घड्याळ. गप्प. म्हणाले, सायकल. तेव्हाही गप्प. मग म्हणाले, रेडिओ.

सुरेशला रेडिओच पाहिजे होता. लहानपणापासून तो दुसऱ्याच्या ओट्यावर बसून रेडिओ ऐकत आला होता. त्याचा हात मांडीवरून उठला, ताटापर्यंत गेला, बोटं भाताला लागणार तेवढ्यात मामांनी पंगतीखालून त्याचा गुडघा दाबला. हात ताटाच्या काठावर थांबला. तो थांबलेला हात भगवंतरावांनी पाहिला.

"राजदूत," भगवंतराव म्हणाले.

मामांनी गुडघा सोडला. लोकांनी टाळ्या पिटल्या, बँडवाल्यानं उगाच एक सूर काढला, आणि सुरेश जेवला. काय जेवला ते त्याला नंतर कधीच आठवलं नाही.

उर्मिला पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा गोठा रिकामा होता. चांद्या आणि मोत्या ही बैलजोडी भगवंतरावांनी राजदूतच्या पैशासाठी बाजारात उभी केली होती. ते गोऱ्हे असल्यापासून उर्मिलानं त्यांना हातानं ढेप चारली होती, पोळ्याला त्यांची शिंगं रंगवली होती. ती परत आली तेव्हा राजदूत दारात उभी होती. तिनं गाडीकडे पाहिलं, बाजूनं वळसा घालून घरात गेली. तो वळसा अजून चालूच होता.

शनिवारी सुरेशनं ठरवलं की सासऱ्यालाच विचारायचं. ज्यानं दिली त्याच्या तोंडून निकाल निघू दे. उर्मिला म्हणाली, "चला. मलाही भेटायचंच आहे. मी बसनं येते."

शनिवार म्हणून बसमध्ये जामसावळीच्या हनुमानाला जाणाऱ्यांची गर्दी होती. सुरेश बसच्या मागे धूळ खात गेला. सौंसरला बस बदलून उर्मिला पुढे, तो मागे, असे दोघं दुपारी बोरगावला पोहोचले.

भगवंतराव अंगणात बाजेवर बसून अंबाडीचा दोर वळत होते. गोठ्यात आता सरपण आणि फवारणीचा पंप. सुरेशनं पाय धुतले, पाणी प्यायला आणि सरळ विषयालाच हात घातला.

"बाबूजी, बदली झाली. तिकडे गाडीले जागा नाही. इथं तुमच्यापाशी ठेवू का?"

भगवंतरावांनी दोराला पीळ दिला. "इथं? माझ्या अंगणात उभी राहिली त लोकं काय म्हणतीन? जावयानं वापस केली. पोरीचं काही बिनसलं. घरोघरी सांगत फिरू का मी?"

"मग विकतो. अन् त्यात तुमची एक जोडी..."

"जोडी कोण हाकीन? हे गुडघे पाहून राहिले ना? आता वाही-नांगरणी ट्रॅक्टरवाला करते. बैल गेले ते गेले, जावईबापू."

मग भगवंतराव दोराकडे पाहतच म्हणाले, "एक विचारू का? त्या दिवशी तुमचा हात रेडिओवर आला होता. मी पाहिला होता."

"आला होता. मामानं गुडघा दाबला."

"मी थोडा दम खाल्ला असता त तुम्ही घेतला असता रेडिओ. का नाही?"

"घेतला असता."

"मले तवाच समजलं होतं." भगवंतरावांनी दोर खाली ठेवला. "पण समोरच्या पंगतीत माझा भाऊ बसला होता. महिन्याभराआधी त्यानं त्याच्या जावयाले रेडिओच देल्ला. मले वाटलं, आपण त्याच्याच बरोबरीत उभं राहायचं का? तोंडातून राजदूत निघून गेली. मांडव खूश झाला. मीही खूश झालो. बैल मले दुसऱ्या दिवशी आठवले."

उर्मिला दारात उभी होती. हातात पाण्याचा गडवा होता. केव्हापासून उभी होती ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"म्हणजे यांनी मागितली नव्हती?"

"कोणं मागितली? मीच बोललो."

ती नवऱ्याकडे वळली. "अन् तुम्ही सहा वर्षं काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू?" सुरेश म्हणाला. "घास तर मीच घेतला ना."

उर्मिलानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "हो," ती म्हणाली, "घास तर तुम्हीच घेतला." आणि गडवा ठेवून आत गेली.

तिचा राग कमी झाला की वाढला, ते सुरेशला कळलं नाही. त्याला वाटलं, विचारायला आलो नसतो तर बरं झालं असतं. आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो नेहमीसारखाच होता. त्यावरून काही समजायला मार्ग नव्हता.

ताटं वाढली गेली. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, भरलेली वांगी. उर्मिला वाढत होती. भगवंतराव पाटावर बसले, जावयाच्या ताटाकडे पाहिलं, आणि त्यांना काय सुचलं कोण जाणे, मांडवातल्यासारखा गळा खाकरून म्हणाले, "बोला जावईबापू, आता काय पाहि..."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत सुरेशनं भाकर मोडली, वांग्यात बुडवली आणि तोंडात घातली. वांगं नुकतंच चुलीवरून उतरलेलं. त्याची जीभ पोळली, डोळ्यात पाणी आलं, पण त्यानं घास बाहेर काढला नाही. भगवंतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. उर्मिलानं आधी बापाला पाणी दिलं. मग न विचारता नवऱ्याच्या ताटात दुसरी भाकर टाकली आणि वरून तुपाची धार सोडली. बोरगावच्या घरात इतकी मोठी तुपाची धार सुरेशनं सहा वर्षांत पाहिली नव्हती.

हात धुताना भगवंतराव म्हणाले, "विका. पण एक ऐका. देल्ली होती सगळ्याईच्या समोर, त जाऊ द्या बी सगळ्याईच्या समोर. मी मागं बसतो."

"तुम्ही?"

"कधी बसलोच नाही ना तिच्यावर."

"अन् मामा? मामा रुसतीन."

"रुसू द्या. त्यायच्यासमोर कोण ताट वाढून राहिलं?"

त्यांनी कोट घातला, टोपी घातली, ओट्यावर चढून तिथून सीटवर पाय टाकला. सुरेशनं गाडी माणसाच्या चालीनं चालवली. प्रत्येक ओट्यावरून एकच प्रश्न आला आणि भगवंतरावांनी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं, न कंटाळता.

"कुठं, भगवंतराव?"

"सौंसरले. जावयाची बदली झाली. गाडी विकायले."

गावातल्या शेवटच्या घरापर्यंत त्यांनी ते सांगितलं. तिथं कोणी ओट्यावर नव्हतं, तर गाडी थांबवायला लावून आत हाक मारून सांगितलं.

वसंत ढोरदवाखान्याच्या बाहेर उभा होता. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या, टायरच्या भेगांत नख घालून पाहिलं. "सुरेशभाऊ, उभ्या उभ्याच फाटले हे टायर! बाकी गाडी तर नवरीसारखी हाय."

"चालवणार ना तिले?" भगवंतरावांनी विचारलं.

"काका, रोज दहा गावं हायत. बैलाचे खूर पाहत, सुया टोचत फिरतो. पाय टेकायले फुरसत नाही."

भगवंतराव म्हणाले, "बरं हाय." आणि बोरगावच्या बसकडे चालायला लागले. वळून गाडीकडे त्यांनी पाहिलं नाही.

उर्मिला तोवर बसनं सौंसरच्या स्टँडवर येऊन थांबली होती. पांढुर्ण्याची बस लागली तेव्हा ती सवयीनं मागच्या बाकावर जाऊन बसली. सुरेश तिच्या शेजारी बसला. कंडक्टर तिकिटांची पेटी घेऊन आला आणि दोघांना पाहून थबकला.

"भाऊ, गाडी कुठं हाय?"

"विकली."

"मग आज दोन तिकिटं!" त्यानं ती जरा जोरातच फाडली.

बस निघाली. मग उर्मिला पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "छिंदवाड्याला रेडिओ मिळते ना?"

"मिळते."

"मग अमरवाड्याला जाताना घेऊ. तिकडे ओट्यावर जाऊन बसायला ओळखीचं कोणी नाही."

"घेऊ," सुरेश म्हणाला.

जामसावळीच्या फाट्यावर दर्शनाला गेलेली माणसं नारळ-प्रसाद घेऊन चढली. बस पुन्हा हलली, आणि धूळ उडाली तशी उर्मिलानं मान वळवून मागच्या काचेतून रस्ता पाहिला. रस्ता रिकामा होता. तिला एकदम आठवलं आणि ती पुढे वळली. पण सुरेशनं ते पाहिलं होतं.

"काय पाहून राहिली होती?"

"काही नाही. सवय."

सुरेशनं मागच्या काचेकडे पाहिलं. सहा वर्षं तो त्या काचेच्या मागे गाडी चालवत आला होता. बाहेरून तिच्यावर नुसती धूळ दिसायची.

"दर वेळी पाहायची?"

"मग?" उर्मिला खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "रस्ता खराब आहे हा."